तेल कोण फिरवतं?

गाडी न्यूट्रलमध्ये ढकलली, दोरीने ओढली किंवा उतारावर सोडून दिली, तर गिअरबॉक्स खराब होतो का? गॅरेजच्या दारात, सोसायटीच्या पार्किंगमध्ये आणि घाटाखालच्या चहाच्या टपरीवर या प्रश्नावरून सारख्याच तावातावाने वाद होतात. बहुतेकांचं उत्तर एका शब्दाचं असतं. कुणी म्हणतं होतो, कुणी म्हणतं होत नाही. मला ही दोन्ही उत्तरं धोकादायक वाटतात. पहिलं ऐकणारा माणूस विनाकारण घाबरतो आणि हाताने चार पावलं ढकलायची गाडीही ढकलू देत नाही. दुसरं ऐकणारा लाखाचा गिअरबॉक्स एका दुपारी जाळून बसतो, आणि घाटात असेल तर त्याहून मोठं काही गमावतो.

पुढचा संवाद मामा आणि भाचीचा आहे. मामांची सगळी नोकरी एसटीत चालक म्हणून गेली. सातारा, पुणे, मुंबई हा त्यांचा रस्ता. भाचीने ऑटोमोबाइलचा डिप्लोमा केला आणि ती गिअरबॉक्स उघडून जोडणाऱ्या वर्कशॉपमध्ये काम करते. मामांना गिअरबॉक्स हाताला आणि कानाला माहीत आहे, तिला तो टेबलावर सुटा पडलेला माहीत आहे. दोघांपैकी कुणीच उगाच बोलणारं नाही, म्हणून मी मध्ये फारसा पडलो नाही.

मामा : मला एक सांग, गिअरबॉक्स बनवणाऱ्यानेच न्यूट्रल दिलंय ना? मग न्यूट्रलमध्ये गाडी चालली म्हणून तो बिघडेल कसा? कुठलाच गिअर लागलेला नाही, इंजिनाचा जोर नाही, चाकाचा जोर नाही. जिथे जोरच नाही तिथे झीज कसली?

भाची : जोर नाही हे खरं. पण फिरणं थांबत नाही, मामा. तुम्हाला वाटतं न्यूट्रलमध्ये दात सुटे होतात. हल्लीच्या गिअरबॉक्समध्ये पुढे जाणारे सगळे गिअर कायम एकमेकांत अडकलेलेच असतात. आपण गिअर टाकतो तेव्हा दातात दात घालत नाही. वरच्या मेनशाफ्टवर मोकळा फिरणारा एक गिअर स्लीव्हने त्या शाफ्टला बांधतो, एवढंच. न्यूट्रलमध्ये एकही बांधलेला नसतो.

मामा : म्हणजे मोकळे फिरतात. मी तेच म्हणतोय.

भाची : मोकळं फिरायलाही तेल लागतं. आता बघा, इंजिन चालू आहे, क्लचवर पाय नाही, गाडी न्यूट्रलमध्ये उतारावरून चाललीय. आत काय होतंय? इंजिन इनपुट शाफ्ट फिरवतंय आणि त्याच्याबरोबर खालचा लेशाफ्ट फिरतोय. हा लेशाफ्ट तेलात बुडालेला असतो. रहाटगाडग्याने पाणी वर काढावं तसा तो तेल वर उडवत राहतो. त्या तेलावर मेनशाफ्टचे गिअर, त्यांच्या आतली नीडल बेअरिंग, दोन शाफ्टच्या मधलं पायलट बेअरिंग, सगळं भिजत राहतं. मेनशाफ्ट मात्र चाकं फिरवतायत. खालचा शाफ्ट इंजिनाच्या ताब्यात, वरचा चाकांच्या.

मामा : आणि दोघंही फिरतायत.

भाची : दोघंही फिरतायत, म्हणून अशा गाडीच्या गिअरबॉक्सला काही होत नाही. इथपर्यंत तुमचं म्हणणं मी मान्य करते. आता तुम्ही किल्ली फिरवून इंजिन बंद करा. डिझेल वाचवायला करतात तसं.

मामा : लेशाफ्ट थांबेल.

भाची : थांबेल. मेनशाफ्ट मात्र चाकांमुळे फिरतच राहील, आणि ज्याने तेल वर उडवायचं तोच गप्प बसलेला असेल. आधीचं तेल थोडा वेळ पुरतं. किलोमीटर दोन किलोमीटरला कुणाचं बेअरिंग जात नाही. पण पन्नास किलोमीटर अशी गाडी ओढून नेली, तर तो डबा उघडल्यावर मला पायलट बेअरिंग निळं पडलेलं दिसतं. काही मोठ्या ट्रकच्या गिअरबॉक्समध्ये तेलाचा छोटा पंपही असतो. तोसुद्धा इंजिनाच्याच बाजूने फिरतो. इंजिन बंद म्हणजे तोही बंद.

यावर मामा बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांना डेपोतली एक गोष्ट आठवली. रस्त्यात बंद पडलेली एसटी ओढून आणायची असली की डेपोचा मेकॅनिक आधी मागच्या चाकांच्या मधोमधचे बोल्ट खोलायचा आणि दोन्ही बाजूंचे अॅक्सल शाफ्ट ओढून बाहेर काढायचा. कधी त्याऐवजी प्रोपेलर शाफ्ट सोडायचा. चाकं जागच्या जागी राहायची, गाडी ओढता यायची, पण चाकांचं फिरणं गिअरबॉक्सपर्यंत जात नसे. सगळ्या चालकांनी हे पाहिलेलं असतं. कशासाठी, हे विचारायची पद्धत नव्हती.

मामा : मला वाटायचं, गाडी हलकी ओढली जावी म्हणून काढतात.

भाची : हलकी ओढली जातेच. पण काढतात ते मेनशाफ्टसाठी. दहा-बारा बोल्टचं काम, आणि गिअरबॉक्स वाचतो. आज हायवेवर घाई असते म्हणून ते काम टाळतात आणि ‘न्यूट्रल आहे की’ म्हणून साखळी लावतात.

इथे मला थांबून एक सांगायचं आहे. या वादात बहुतेक लोक गिअरच्या दांडीकडे बघतात आणि ती न्यूट्रलमध्ये आहे की नाही यावर भांडतात. बघायला हवं ते दुसरंच. आतले भाग कोण फिरवतंय, आणि तेल कोण फिरवतंय? दोन्ही कामं एकाच्याच हातात असतील तर चिंता नाही. फिरवणारी चाकं असतील आणि तेल देणारं इंजिन झोपलेलं असेल, तर नुकसान कधी होईल हे फक्त वेगावर आणि अंतरावर अवलंबून आहे. एकदा हा प्रश्न हाताशी आला की प्रत्येक गाडीचं उत्तर वेगळं येतं, आणि तसं ते यायलाच हवं.

पार्किंगचंच घ्या. मुंबई-पुण्यातल्या सोसायट्यांमध्ये एकामागे एक गाड्या लावायची पद्धत आहे. मागची गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक सोडून ठेवायची, म्हणजे पुढच्याला ढकलून वाट काढता येते. त्यावरून कुणी तरी हमखास कुरकुरतं, ‘माझी ऑटोमॅटिक आहे, ढकलली तर गिअरबॉक्स जाईल.’ माणसाच्या चालीने आठ-दहा फूट सरकल्याने कुठल्याही गाडीचा गिअरबॉक्स जात नाही, ऑटोमॅटिकचाही नाही. जमीन सपाट आहे ना आणि चाकाला लावलेला दगड काढलाय ना, एवढंच बघायचं.

मामा : तुझ्या लेशाफ्टचा नियम सगळ्याच गाड्यांना लागू म्हणायचा?

भाची : नाही, आणि इथेच लोक फसतात. पुढच्या चाकांवर चालणारी साधी मॅन्युअल कार घ्या. आज रस्त्यावर बहुतेक छोट्या कार तशाच आहेत. तिच्यात गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल एकाच डब्यात, एकाच तेलात असतात. डिफरन्शियलचा मोठा गिअर तेलात बुडालेला असतो आणि तो चाकांबरोबर फिरतो. म्हणजे इंजिन बंद असलं तरी चाकंच तेल उडवतात. म्हणून अशा पुष्कळ गाड्यांच्या पुस्तिकेत न्यूट्रलमध्ये चारही चाकांवर ओढायला परवानगी दिलेली असते. जुनी अॅम्बेसेडर, पद्मिनी, जीप यांचं तसं नाही. तिथे गिअरबॉक्स पुढे, डिफरन्शियल मागे, दोघांचं तेल वेगळं.

मामा : आणि ऑटोमॅटिक?

भाची : ऑटोमॅटिक म्हणून एक गाडी नाही, मामा. चार वेगळी जनावरं एका नावाने विकली जातात.

मग तिने ती एकेक करून सांगितली, आणि खरं सांगायचं तर या सगळ्या वादाचा गाभा इथेच आहे.

पहिली टॉर्क कन्व्हर्टरवाली. जुनी, खरी ऑटोमॅटिक. तिच्यात तेल नुसतं वंगण नसतं. गिअर लावण्याचं कामही तेलच करतं. आतल्या क्लचच्या चकत्या तेलाच्या दाबाने एकमेकींवर आवळल्या जातात. हा दाब तयार करणारा पंप टॉर्क कन्व्हर्टरच्या मानेवर बसलेला असतो आणि तो इंजिन फिरलं तरच फिरतो. दांडी ‘एन’वर आहे, इंजिन बंद आहे आणि गाडी दोरीने ओढली जातेय, अशा वेळी चाकं आतले प्लॅनेटरी गिअर, बुश आणि ड्रम वेगाने फिरवत असतात, आणि पंप मात्र ठप्प. पुढच्या चाकांवरच्या मॅन्युअलमध्ये निदान खाली साठलेलं तेल थोडंफार उडतं. इथे पंपाशिवाय वर काही पोहोचतच नाही. पुस्तिकेत वेगाची आणि अंतराची मर्यादा दिलेली असते ती यासाठी. काही कंपन्या तेवढीही सूट देत नाहीत.

मामा : मग आधीच्या काळी? धक्का मारून ऑटोमॅटिक चालू करायचे असं मी ऐकलंय.

भाची : खरंय ते. पन्नास-साठच्या दशकातल्या काही अमेरिकन गाड्यांना मागच्या बाजूला दुसरा पंप असायचा, चाकांकडून फिरणारा. गाडी ढकलली की दाब तयार व्हायचा आणि इंजिन चालू करता यायचं. पुढे तो पंप काढून टाकला. तेव्हापासून ऑटोमॅटिक धक्क्यावर चालू होत नाही आणि लांब ओढून नेता येत नाही. दोन्हीचं कारण एकच.

मामा : आणि इंजिन चालू ठेवून उतारावर ‘एन’मध्ये सोडली तर?

भाची : तर पंप चालू असतो, पण आयडलवर. दाब कमी, फिरणं जास्त. लगेच जळणार नाही. खरा त्रास पुन्हा ‘डी’ टाकताना होतो. चाकांची बाजू ऐंशीच्या वेगाने फिरतेय, इंजिन आयडलवर आहे, आणि मधल्या क्लचच्या चकत्यांनी तेवढा फरक एका क्षणात गिळायचा. एकदा केलं म्हणून मोडत नाही. रोज करणाऱ्याच्या तेलात मला चकत्यांची काळी भुकटी सापडते.

दुसरी एएमटी. २०१४ साली मारुतीच्या सेलेरिओबरोबर ती आपल्याकडे आली आणि स्वस्तातली ऑटोमॅटिक म्हणून पसरली. ही आतून साधी मॅन्युअलच. फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम यंत्र करतं. त्यामुळे तिला मॅन्युअलचेच नियम. अडचण निघते ती बॅटरी उतरल्यावर. गाडी गिअरमध्ये बंद पडलेली असते, आणि न्यूट्रल करायलाही त्या यंत्राला वीज लागते.

तिसरी सीव्हीटी. हिच्यात दोन पुल्यांमध्ये धातूचा पट्टा असतो आणि तेलाच्या दाबाने पुल्या तो घट्ट धरून ठेवतात. बहुतेक सीव्हीटीत न्यूट्रल केलं की इंजिनाची बाजू सुटते, पण पट्टा चाकांना जोडलेलाच राहतो. इंजिन बंद ठेवून ओढलं की दाब नाही, पकड नाही, आणि पट्टा पुलीवर घसरत ओरखडे पाडतो. चौथी दोन क्लचवाली. तिच्याबाबत भाचीचं म्हणणं एवढंच, की पुस्तिका उघडा आणि तिथे लिहिलंय तेच करा, कारण एका गाडीचं दुसरीला लागू पडत नाही.

इलेक्ट्रिकचा विषय मामांनीच काढला, कारण आता एसटीतही इलेक्ट्रिक बस आल्यात. तिथे न्यूट्रल हे नाव तेवढं उरलंय. बहुतेक इलेक्ट्रिक गाड्यांत चाक आणि मोटर कायम जोडलेली असतात. ‘एन’ केलं की मोटरला वीज देणं थांबतं, मोटर सुटत नाही. गाडी ओढली की मोटर फिरते, आणि कायमचुंबकाची मोटर फिरली की ती वीज तयार करू लागते, कुणी मागितलेली नसताना. ती उष्णता आणि ते व्होल्टेज कुठे जाणार? म्हणून फ्लॅटबेड. गाडी अख्खी उचलून ट्रकवर ठेवायची.

मामा : सगळ्यावर तुझं एकच औषध, फ्लॅटबेड. कराडजवळ रात्री अकराला फ्लॅटबेड कुठून आणायची? माणूस दोरी शोधतो, फ्लॅटबेड शोधत नाही.

भाची : पुढच्या चाकांवर चालणारी असेल तर पुढची चाकं उचलून न्या. मागची मोकळी फिरतात, त्यांचा गिअरबॉक्सशी संबंध नाही. मागच्या चाकांवरची असेल तर मागची उचला किंवा प्रोपेलर शाफ्ट सोडा. चारही चाकांना ताकद जाणारी असेल तर मात्र एक बाजू वर आणि एक बाजू जमिनीवर अशी नेऊच नका, मधला ट्रान्सफर केस जाईल. आणि यातलं काहीच जमत नसेल तर रात्रभर गाडी तिथेच बाजूला उभी ठेवा. टॅक्सीचं भाडं गिअरबॉक्सपेक्षा स्वस्त पडतं.

हे शेवटचं वाक्य मामांना पटलं नाही. गाडी रस्त्यावर सोडून यायची कल्पनाच त्यांना सहन होत नाही. चालक गाडी सोडत नाही, ही त्यांची आयुष्यभराची शिस्त आहे, आणि मला ती मोलाची वाटते. पण नव्या यंत्रांमुळे ती शिस्त कधी कधी महागात पडते, हेही खरं.

मग मामांनी आपला हुकमी मुद्दा काढला.

मामा : माझा पुतण्या आखातात ट्रेलर चालवतो. तो सांगतो, त्याची गाडी उतार दिसला की आपणहून न्यूट्रलमध्ये जाते. कंपनीने तसं बनवलंय. व्होल्वो, स्कॅनियासारखे लोक न्यूट्रलमध्ये गाडी चालवतात आणि तू मला सांगतेस गिअरबॉक्स बिघडतो?

भाची : तुमचा पुतण्या खरं सांगतो. व्होल्वो त्याला आय-रोल म्हणते, स्कॅनिया इको-रोल म्हणते. हलका उतार असेल तर गिअरबॉक्स स्वतः मोकळा होतो, कारण गिअरमध्ये इंजिन गाडीला मागे ओढतं आणि तेवढी गती वाया जाते. हलक्या उतारावर न्यूट्रलमध्ये गाडी लांब जाते, हे मी नाकारत नाही.

मामा : मग?

भाची : मग तिथे काय काय होतं तेही ऐका. इंजिन बंद होत नाही, त्यामुळे तेल फिरतं. उतार तीव्र असेल तर गाडी न्यूट्रलमध्ये जातच नाही. वेग ठरवलेल्या हद्दीच्या वर गेला किंवा चालकाने ब्रेकला पाय लावला की कॉम्प्युटर इंजिनाचा वेग जुळवून लगेच गिअर परत टाकतो. तुमच्या हातातल्या गाडीत यातलं कोण करणार आहे?

मामा : मी. डबल क्लच मारून.

भाची : तुम्ही कराल. आज घाटात गाडी सोडणाऱ्या पोराने डबल क्लच कधी मारलाय का?

माझ्या मते मामा या मुद्द्यावर हरले नाहीत. त्यांच्या पिढीला न्यूट्रलमधून नेमक्या वेगाला नेमका गिअर परत घेता येत होता. क्लच दाबायचा, न्यूट्रल, क्लच सोडून अॅक्सिलरेटरला टाच द्यायची, आतल्या शाफ्टचा वेग जुळला की पुन्हा क्लच आणि गिअर. ते हातापायाचं ज्ञान होतं. वेग आपोआप जुळवणाऱ्या सिंक्रो रिंग आल्या आणि त्या ज्ञानाची गरज संपली. सवय तेवढी उरली, आणि ती ज्या हातांना ज्ञान नाही त्यांच्याकडे आली.

डिझेल-पेट्रोल वाचतं या समजाचंही तसंच. कार्बोरेटरच्या काळी त्यात तथ्य होतं. उतारावर गिअरमध्ये पाय सोडला तरी इंजिन पेट्रोल ओढत राहायचं. आता इंजेक्शनच्या गाड्यांमध्ये, गिअरमध्ये असताना पाय उचलला आणि इंजिन पुरेशा वेगात फिरत असलं, की इंधन पूर्ण बंद होतं. इंजिनाला चाकंच फिरवतात. न्यूट्रल केलं की तेच इंजिन स्वतःच्या जोरावर जिवंत ठेवायला इंधन लागतं. छोट्या कारला तासाला साधारण पाऊण ते एक लिटर. म्हणजे तीव्र उतारावर न्यूट्रल करणारा पेट्रोल वाचवत नाही, तो ते जाळतो. मामांच्या एसटीच्या जुन्या डिझेल इंजिनातही पंपाचा गव्हर्नर पाय सोडल्यावर डिझेल तोडायचा, हे ऐकून त्यांना आश्चर्य वाटलं.

मामा : आणि क्लच दाबून उतरणारे? न्यूट्रल करत नाहीत, नुसता क्लच दाबून धरतात.

भाची : ते सगळ्यात वाईट. हिशेब करू. ट्रकचं चाक एक मीटर व्यासाचं धरा. साठच्या वेगाला ते मिनिटाला सव्वातीनशेच्या जवळपास फेरे घेतं. मागच्या क्राउनचं गुणोत्तर सहा धरलं तर प्रोपेलर शाफ्ट एकोणीसशे फेरे. आता गिअर दुसरा राहिलाय, त्याचं गुणोत्तर चार धरा. क्लच प्लेट मिनिटाला साडेसात हजार फेरे घेतेय. इंजिन स्वतः अडीच हजारांच्या वर जात नाही, प्लेट तेवढ्यासाठीच बनवलेली. तिचं लायनिंग उडून तुकडे होतात. क्लच हाउसिंग फोडून बाहेर आलेले तुकडे मी पाहिलेत.

मामा : हे मी घाटात ऐकलंय. मोठा आवाज होतो. आम्ही म्हणायचो, क्लच फुटला.

त्यानंतर बोलणं घाटाकडेच गेलं. पुण्याकडे येताना कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडल्यावर नवले पुलापर्यंत सलग उतार आहे. २० नोव्हेंबर २०२२ रोजी रात्री त्या उतारावर एका ट्रकने पुढची अनेक वाहनं चिरडली. ब्रेक निकामी झाले असंच आधी सगळे म्हणाले. प्राथमिक तपासात पुढे आलं ते वेगळं. चालकाने उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडली होती. त्या उतारावर त्याआधीही माणसं गेली होती आणि नंतरही गेली.

मामा : त्या ट्रकचा गिअरबॉक्स नक्की धडधाकट असणार.

भाची : असेलच. म्हणून मला हा वाद नुसता गिअरबॉक्सवर संपवायचा नाही, मामा. घाटात न्यूट्रल केल्याने सगळ्यात आधी जातो तो ब्रेक, गिअरबॉक्स नाही. न्यूट्रलमध्ये एक्झॉस्ट ब्रेक निरुपयोगी, कारण इंजिन चाकांना जोडलेलंच नाही. सगळा भार ब्रेकच्या लायनरवर. ड्रम तापतो, तापून फुगतो, लायनरची पकड जाते. इंजिनही बंद केलेलं असेल तर कॉम्प्रेसर बंद, टाकीतली हवा प्रत्येक ब्रेकला कमी होत जाणार. स्टिअरिंग जड होणार. कारमध्ये बूस्टरचा व्हॅक्यूम दोन-तीन वेळा पेडल दाबलं की संपतो. आणि मग भीतीने माणूस गिअर टाकायला जातो तर तो पडत नाही, कारण सिंक्रो रिंगला तेवढा फरक ओढता येत नाही. गिअरबॉक्स तेव्हा खराब झालेला नसतो. तो नुसता नकार देतो.

मामा : आम्हाला शिकवलं होतं, ज्या गिअरने चढायचं त्याच गिअरने उतरायचं.

भाची : मग सोडून का देतात सगळे?

मामांनी याचं उत्तर दिलं ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. एसटीत चालकाचा केपीटीएल बघितला जातो, दहा लिटर डिझेलमध्ये गाडी किती किलोमीटर गेली ते. खासगी ट्रकवर मालक डिझेल मोजूनच देतो, आणि वाचलं ते चालकाचं. डिझेल चालकाच्या नावावर लिहिलं जातं. लायनर, ड्रम, क्लच प्लेट मालकाच्या नावावर. म्हणून घाटाच्या तोंडाशी चालकाचा हात आपोआप न्यूट्रलकडे जातो. त्याला गाडीची पर्वा नाही असं नाही. ज्याचा हिशेब त्याच्याकडून मागितला जातो ते तो वाचवतो.

मामा : मालकांना सांगायला हवं. चालकांना सांगून भागणार नाही. वाठार गावचे एक-दोन मालक माझं ऐकतील, एसटीवाला म्हणून. पण त्यांना आकडा लागतो. तू आकडा लिहून दे.

भाचीने कागद घेतला. बोरघाटात खंडाळ्याहून खोपोलीला उतरताना उंची पाचशे मीटरच्या आसपास कमी होते. सोळा टनांचा ट्रक पाचशे मीटर खाली आला की त्यातून जेवढी ऊर्जा सुटते तेवढ्या ऊर्जेने अडीचशे लिटर साधं पाणी उकळी फुटेपर्यंत तापवता येईल. यातलं काही वारा खातो, काही टायर खातात. गिअरमध्ये असेल तर मोठा वाटा इंजिन आणि एक्झॉस्ट ब्रेक घेतात. न्यूट्रलमध्ये उरलेलं सगळं चाकांच्या ड्रममध्ये जातं. तिने खाली लिहिलं, दहा-पंधरा मिनिटांच्या उतारावर आयडलवर जळणारं डिझेल, आणि समोर लायनरच्या एका सेटची किंमत भरायला मोकळी जागा सोडली.

मामांनी कागद हातात घेऊन वाचला.

मामा : सोळा टन कशाला धरलेस?

भाची : दोन अॅक्सलची गाडी. आरसीवर तेवढंच होतं पूर्वी.

मामा : आरसीवर. काट्यावर उभी कर ती गाडी. उसाची, वाळूची, खडीची. बावीस धर.

तिने सोळा खोडून बावीस लिहिले आणि पुन्हा गुणाकार केला. पाणी साडेतीनशे लिटरच्या जवळ गेलं. लायनरच्या किमतीची जागा मामांनी स्वतः भरली, आणि मग ड्रमची किंमत किती झालीय हे विचारायला त्यांनी डेपोतल्या जुन्या मेकॅनिकला फोन लावला.